वामकुक्षी केंद्र, तळमजला

३ जुलै, सोमवार. सकाळी लवकर.

कुमुदताईंचं पाळणाघर बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या कुमुदताई मुलाकडे नागपूरला गेल्या, त्या गेल्याच. आमच्या दिल्लीतल्या सोसायटीतली सात पोरं आता शाळा सुटल्यावर दुपारी उघड्यावर. त्यात आमची नात अहिल्या. वय वर्षं नऊ.

जयंत काल जेवताना म्हणाला, बाबा, गुरुग्रामला माझ्या ऑफिसजवळ एक टू-बीएचके बघून ठेवलाय, बिल्डिंगच्या खालीच डे-केअर आहे. टू-बीएचके म्हणजे एक खोली त्यांची, एक अहिल्येची. मी बोटांवर मोजून पाहिलं. माझी खोली कुठल्याच बोटावर येईना.

मी म्हणालो, अरे, मी इथे द्वारकेत दिवसभर घरीच असतो ना, मी बघीन तिच्याकडे. तर मीनाक्षी, आमची सूनबाई, भात वाढता वाढता हळूच म्हणाली, बाबा, ती एकटी आणि तुम्हीही एकटे. मग दोघांकडे कोण बघणार?

वाईट वाटलं नाही. मंत्रालयात दिवसभर फायली उपसून येते, बोलून जाते बिचारी.

संकल्प: तळमजल्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये सातही पोरांसाठी केंद्र काढायचं. संचालक मी. डिग्रीशिवाय डिस्पॅचपासून सेक्शन ऑफिसरपर्यंत चढलेला माणूस आहे. सात पोरं म्हणजे हातचा मळ.

५ जुलै, बुधवार.

सेक्रेटरी मल्होत्राजींनी हॉल दिला. म्हणाले, बिल्कुल, अंकलजी, आपसे अच्छा कौन. माणसाला माणसाची पारख आहे.

मीनाक्षी म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू. जयंत म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं दिसतं. असो. दिवाळीपर्यंत असं केंद्र उभं करीन की गुरुग्रामवाले बघायला येतील.

११ जुलै, मंगळवार. संध्याकाळी.

उद्घाटन. नारळ फोडला. नासका निघाला. नासका नारळ शुभ असतो असं ऐकून आहे.

टाइमटेबल भिंतीवर लावलं. शाळेतून आल्यावर हातपाय धुणे, डबा खाणे, मग वामकुक्षी, मग होमवर्क. रूबेन साळवे नावाचा मोठा मुलगा आहे, त्याची आई हॉस्पिटलात नर्स. तो म्हणाला, आबाजी, वामकुक्षी मतलब? (इथली पोरं आबालासुद्धा जी लावतात.) मी सांगितलं, जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडं लवंडायचं, अन्न पचतं, बुद्धी तल्लख होते. तो म्हणाला, मैं दस साल का हूँ, मैं दुपहर में नहीं सोता. मी म्हणालो, म्हणूनच गणितात मार खातोस.

मिसेस साळवे विचारत होत्या, बाकीच्या सेंटरमध्ये रोबोटिक्स शिकवतात, तुम्ही काय शिकवणार? मी म्हणालो, आधी माणसासारखं झोपायला शिकू दे, मग यंत्राचं बघू. निरुत्तर झाल्या. ड्यूटीला उशीर होत होता त्यांना, पण निरुत्तर झाल्याच.

२० जुलै, गुरुवार.

झोप लागावी म्हणून पोरांना पानिपतची गोष्ट सांगतो. दिल्लीत वाढलेली मराठी पोरं, इथून पानिपत हाकेच्या अंतरावर आणि यांना पत्ता नाही. जानेवारीत सगळ्यांना काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला नेणार. बस ठरवायची. डबे. टोप्या.

गोष्ट मोठी आहे, घाई करत नाही. फौज दक्खनेतून निघते, हत्ती, उंट, बाजारबुणगे, बायका, देवदर्शनाला म्हणून निघालेले म्हातारे. अशी ती नर्मदेच्या काठाशी येते तोवर सगळी पोरं गाढ. चिडीचूप. हॉलचं पुढचं दार मी आतून बंद करतो, किल्ली माझ्या खिशात. मग मीही पाच मिनिटं पाठ टेकतो. मुलांना उदाहरण घालून द्यावं लागतं.

हॉलला मागूनही एक दार आहे, पण त्याच्यापुढे लग्नाच्या खुर्च्यांची चळत आहे. काळजी नाही.

२ ऑगस्ट, बुधवार.

आज गंमत झाली. दुपारी डोळा लागला आणि सरला आली, आमची बायको. ती गेली त्याला या दसऱ्याला दोन वर्षं होतील. मी सवयीप्रमाणे म्हणालो, अगं, ऐकलंस का? तर म्हणाली, आहे मी इथेच.

जिवंतपणी कधी अशी बोलली नाही. जिवंतपणी म्हणायची, आता काय आणखी? गेल्यावर स्वभाव सुधारलेला दिसतो.

फार गाढ झोप लागली. रात्रीसुद्धा हल्ली झोप उत्तम. (रात्रीची नसली तर पहाटेची.)

१६ ऑगस्ट, बुधवार.

केंद्राची प्रगती. मुलांचे चेहरे तांबूस झाले आहेत. प्रभा कुलकर्णी, म्हणजे आमच्या सगळ्यात धाकट्या श्रीरंगाची आई, बँकेत असते, ती म्हणाली, काका, हा घरी येतो तो घामाघूम, पाय धुळीनं माखलेले. मी समजावलं, गाढ झोपेत शरीरातली उष्णता बाहेर पडते. आणि धूळ काय, दिल्लीत बंद पेटीतसुद्धा शिरते.

रूबेन क्रिकेटमध्ये सोसायटीत पहिला आला. वामकुक्षीचा परिणाम हातांवर आधी दिसतो असं माझं निरीक्षण आहे.

अहिल्या मात्र सुकलेली दिसते. बाकीच्यांसारखी तरारत नाही. तिला दूध वाढवायला मीनाक्षीला सांगितलं. मीनाक्षी म्हणाली, शाळेतून आल्यावर ती खेळते ना, बाबा? मी म्हणालो, सगळं खेळते.

५ सप्टेंबर, मंगळवार. शिक्षक दिन.

पोरांनी मला पेन दिलं. रूबेननं भाषण केलं की आबाजींसारखे सर दुसरे नाहीत, ते आम्हाला पूर्ण फ्रीडम देतात. मुलाचं मराठी कच्चं आहे, त्याला शिस्त म्हणायचं असणार.

बळवंत पेंडसे आले होते. माझे जुने ऑफिसमित्र, शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात, सगळ्यात खोट काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणाले, विष्णुपंत, मी दुपारी मागच्या पार्कवरून जातो तर तुमच्या विद्यार्थ्यांसारखीच पोरं तिथे हुंदडत असतात. मी म्हणालो, सारखीच असतील, तीच नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नका. तर म्हणाले, माझे डोळे ठीक आहेत, तुमचे उघडे असतात का ते बघा.

लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. अति झालं आणि हसू आलं.

१९ सप्टेंबर, मंगळवार.

गणपती बसले. त्याच्यापुढे एकच मागितलं. काय ते लिहीत नाही.

आरतीनंतर जयंत फोनवर कुणाला तरी सांगत होता की पझेशन नोव्हेंबरात मिळेल. मी ऐकलं नाही.

अहिल्येला विचारलं, तुला गुरुग्राम आवडेल का गं? ती म्हणाली, तिथे स्विमिंग पूल आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, पण इथे तू आहेस ना, आबा. असं मुलांना सारखं विचारू नये. उद्यापासून विचारणार नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार.

सरला आता जवळजवळ रोजच दुपारी येते. मी म्हणतो, अगं, ऐकलंस का? की लगेच, आहे मी इथेच. आवाज जरा बारीक वाटतो. शेवटच्या आजारात बारीक झालाच होता.

आज विचारलं, गेलीस तेव्हा मी बाहेर औषधं आणायला गेलो होतो, तर तू हाक मारलीस का? तिनं नुसता माझ्या कपाळावर हात ठेवला. हात गरम होता.

हे पेंडशांना सांगायचं नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार.

लाइट गेली. पंखा बंद पडला, जनरेटर काही सुरू झाला नाही. म्हणून मला मध्येच जाग आली.

हॉलमध्ये कुणी नाही. सतरंज्या तशाच. खुर्च्यांची चळत अर्धी बाजूला सरकवलेली, मागचं दार उघडं. फक्त अहिल्या माझ्या उशाशी मांडी घालून बसलेली. मांडीवर गणिताचं पुस्तक. मला बघून दचकली, म्हणाली, इतक्यात उठलास?

मी विचारलं, बाकीचे कुठे? म्हणाली, खेळायला. मी विचारलं, आजच? तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, येतील आता, तू उठायच्या आधी रोज येतात.

बाहेर धावलो. चप्पल घातली नाही. पार्कमध्ये पाच पोरं, बॅट टाकून उभी. श्रीरंग कुठे? कुणाला माहीत नाही. रूबेन म्हणाला, वो फील्डिंग कर रहा था. पार्कचं छोटं फाटक उघडं.

पुढचं नीट आठवत नाही. गार्ड एका बाजूला गेला, मी दुसऱ्या. रस्त्यावर गाड्या. प्रत्येक लाल शर्ट मला त्याचा वाटायचा. त्यानं शर्ट कुठला घातला होता तेच मला माहीत नव्हतं. एका बाईंनी विचारलं, क्या हुआ, अंकलजी? मला पाच वर्षांच्या पोराचं वर्णन करता येईना. मी म्हणालो, छोटा है. एवढंच.

शेवटी एक ई-रिक्षावाला त्याला घेऊन आला. मेट्रो स्टेशनच्या पायरीवर बसला होता. आई मेट्रोनं येते, तिला आणायला गेला होता म्हणे. ई-रिक्षावाल्यानं त्याला सोसायटीच्या गेटवर कधीतरी पाहिलं होतं म्हणून. नाहीतर.

तोवर प्रभा आली होती. तिनं पोराला उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.

शांतपणे विचार केला.

एक, पार्कचं फाटक बंद ठेवणं हे गार्डचं काम. दोन, लाइट गेली नसती तर मी सावध झालो नसतो, म्हणजे जागा झालो हे माझ्याच दक्षतेचं लक्षण. तीन, खुर्च्या लग्नाच्या होत्या, माझ्या नव्हत्या.

दुपारी केंद्र बंद. हॉलला मल्होत्राजींनी कुलूप लावलं. मी घरी डाव्या कुशीवर पडलो. झोप आली नाही. तळपायाला काच लागलेली दिसते, आत्ता कळलं.

१५ ऑक्टोबर, रविवार.

सोसायटीची मीटिंग. मल्होत्राजी म्हणाले, अंकलजी, आपकी नीयत पे किसी को शक नहीं है. म्हणजे बाकी सगळ्यावर आहे.

मी उभा राहिलो. वामकुक्षीचे फायदे, गुरुकुल पद्धत, माझी छत्तीस वर्षांची निष्कलंक नोकरी, सगळं सांगितलं. लोक ऐकून घेत होते. मग मिसेस साळव्यांनी रूबेनला पुढे ढकललं, बोल, खरं बोल. तो मान खाली घालून म्हणाला, आबाजी नर्मदा पर सो जाते हैं. रोज. फिर हम जाते हैं.

मागे कुणीतरी हसलं. पेंडसे नव्हते. पेंडशांनी उलट त्या माणसाला गप्प केलं. आता हे मला आणखी वर्षभर ऐकवतील.

मग प्रभानं अहिल्येला विचारलं, तू का नाही गं जायचीस त्यांच्याबरोबर? प्रेमानंच विचारलं. अहिल्येनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, आबा झोपेत बोलतो. अगं, ऐकलंस का, असं म्हणतो. कुणी काही बोललं नाही की तो रडायला लागतो. म्हणून मी म्हणते, आहे मी इथेच. मग तो झोपतो.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज केवढा येतो. आधी कधी लक्षात आला नव्हता.

मी झोपेत बोलत नाही. सरलेनं इतक्या वर्षांत कधी तक्रार केली नाही. पोरगी आहे, काहीतरी ऐकते, काहीतरी सांगते.

मीटिंगचं पुढचं लिहिण्यासारखं नाही.

१६ ऑक्टोबर, सोमवार.

मीनाक्षी रागावेल असं वाटलं होतं. सकाळी चहा ठेवताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, बाबा, जुलैपासून तिला एक दिवस खेळायला मिळालं नाही हो. आणि रडली. मी म्हणालो, दूध उतू जातंय. गेलं.

अहिल्येला बाजूला घेऊन विचारलं, मला उठवायचं नाहीस का? म्हणाली, उठवलं असतं तर तुला कळलं असतं, आणि तुला कळलं असतं की सेंटर बंद झालं असतं, आणि सेंटर बंद झालं की गुरुग्राम. एवढं सगळं नऊ वर्षांच्या डोक्यात. आणि मी तिला दूध वाढवा म्हणत होतो.

२२ ऑक्टोबर, रविवार.

जयंत म्हणाला, बाबा, तुम्हीही चला. फ्लॅटच्या हॉलमध्ये दिवाण टाकू, पडदा लावू. मीनाक्षीनंही दोनदा म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. अहिल्या मध्येच म्हणाली, आबा, मी शाळेतून आले की तुझ्याजवळ बसत जाईन.

तेव्हाच नाही म्हणालो.

कारण दिलं की गुरुग्रामचं पाणी मला मानवत नाही. जयंत म्हणाला, तुम्ही तिथलं पाणी कधी प्यायलात? मी म्हणालो, ऐकून आहे. शिवाय इथे सोसायटीला माझी गरज आहे. माणसानं अर्ध्यात काम सोडू नये. यावर कुणी काही बोललं नाही. माझं म्हणणं पटलेलं दिसतं.

१८ नोव्हेंबर, शनिवार.

गेली. टेम्पो सकाळीच आला. हवा इतकी वाईट की गेटपाशी गेलेला टेम्पो दिसेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, सगळ्यांच्याच येत होतं, धुराचे दिवस आहेत. अहिल्येनं मास्क लावला होता म्हणून तिचं तोंड नीट दिसलं नाही.

तिला सांगितलं, जानेवारीत तुला काला अंबला नेणार. ती म्हणाली, आबा, आधी गोष्ट तर संपव. फौज अजून नर्मदेवरच आहे.

घर मोठं वाटतं. उद्यापासून वेळेवर फिरायला जाणे, गीता वाचणे, पालेभाजी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.

पाचव्या मजल्यावरची वृंदा, बी.एड. झालेली, हॉलमध्ये नवं केंद्र चालवते. मागच्या दाराला कडी, फाटकाला गार्ड, कोण मूल कुणाबरोबर जाणार याच्या चिठ्ठ्या. वामकुक्षी नाही. मी सल्लागार म्हणून गेलो. ती म्हणाली, काका, या ना, बसा. खुर्ची दिली. छोटी होती, पोरांची. सल्ला कुणी विचारला नाही. पहिल्या आठवड्यात विचारत नाहीत.

पालेभाजी आणली नाही. गीता उशाशी आहे.

२९ नोव्हेंबर, बुधवार. दुपार.

आज वृंदाला महत्त्वाचा फोन होता. म्हणाली, काका, दहा मिनिटं गोष्ट सांगता? दारात ती उभीच होती म्हणा फोन घेऊन, नजर आत.

सांगितली. रूबेन नेहमीच्या जागी बसला होता, फौज नर्मदेशी आली तशी माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. मी पाण्याचा घोट घेतला आणि फौज नर्मदेपार नेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग चंबळ, मथुरा, दिल्ली, कुंजपुरा. उपास, थंडी. वृंदाचा फोन संपला तरी तिनं थांबवलं नाही. कुणी झोपलं नाही. मीही नाही.

श्रीरंग माझ्या गुडघ्याला टेकून बसला होता. शर्ट निळा, खिशावर मोटार. विचारलं त्यानं, फिर? मी म्हणालो, मग हरले. तो म्हणाला, सगळे? मी म्हणालो, थोडे परत आले. तो म्हणाला, मग म्हाताऱ्यांना कशाला नेलं होतं बरोबर? मी उद्या वाचून सांगतो म्हणालो.

अहिल्येला फोन लावला, गोष्ट संपली म्हणून सांगायला. उचलला नाही. मीनाक्षीनं नंतर कळवलं की डे-केअरमध्ये फोन चालत नाही, आणि ती पोहायला लागली आहे, पाण्याबाहेर यायलाच तयार नसते. छान. मुलांनी दुपारी खेळावं.

घरी येऊन डाव्या कुशीवर लवंडलो. झोप नव्हतीच. उगीच, आवाज ठीक निघतो का ते बघायला, एकदा म्हणून पाहिलं, अगं, ऐकलंस का?

थोडा वेळ वाट पाहिली.

गुरुग्रामच्या शाळा उशिरा सुटतात.